डोक्याला मार आणि नॅनोकणांतून औषध: नाशिककर वारंवार विचारतात ते प्रश्न

मी नाशिकमधल्या एका फार्मसी कॉलेजात शिकवते. त्याआधी काही वर्षं एका आयसीयूच्या औषधविभागात काढली. मुंबई-आग्रा महामार्ग शहराच्या पोटातून जातो, शिवाय सिन्नरचा रस्ता आणि कसारा घाट जवळ, त्यामुळे डोक्याला मार लागलेले पेशंट इथे नवीन नाहीत. पेपरात 'नॅनोकणांनी मेंदूवर उपचार' अशी बातमी आली की दोन दिवसांत तिच्या कात्रणाचे फोटो मला व्हॉट्सॲपवर येऊ लागतात. त्याखाली येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. तुमच्या पेशंटचा निर्णय त्याच्या न्यूरोसर्जननेच घ्यायचा.

1. नॅनोकण म्हणजे नक्की केवढा?

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. औषध वाहणारे कण साधारण 20 ते 200 नॅनोमीटरचे असतात. रक्तातली लाल पेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची, म्हणजे 100 नॅनोमीटरचे सत्तर-ऐंशी कण तिच्या रुंदीवर ओळीने बसतील.

'कण' म्हटलं की वाळूचा खडा डोळ्यांसमोर येतो. त्यापेक्षा उकडीचा मोदक आठवा. बाहेर पारी, आत सारण. पारी म्हणजे वाहक, सारण म्हणजे औषध. वर्गात मी हेच उदाहरण देते आणि पुढेही तेच वापरणार आहे.

2. सलाईनमधून दिलेलं औषध अंगभर जातं. मग मेंदूसाठी वेगळी गाडी कशाला?

कारण मेंदूच्या रक्तवाहिन्या बाकीच्या अंगासारख्या नाहीत. 1885 मध्ये पाउल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. त्यांना वाटलं, मेंदूला रंगच चढत नसावा. 1913 मध्ये त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी उलटा प्रयोग केला. रंग थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तेव्हा मेंदू रंगला आणि बाकीचं अंग कोरं राहिलं. म्हणजे अडवणूक मध्ये कुठेतरी होत होती.

याला रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. 'पडदा' हा शब्द फसवा आहे, कारण मेंदूभोवती असा काही कापडासारखा थर नसतो. मेंदूतल्या केशवाहिन्यांची भिंत हाच तो अडथळा. या केशवाहिन्या जोडल्या तर लांबी सहाशे किलोमीटरच्या घरात भरते. त्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, आणि चुकून काही आत शिरलंच तर ते परत रक्तात फेकणारे पंप भिंतीतच बसवलेले असतात. लहान रेणूंच्या औषधांपैकी जवळजवळ 98 टक्के या भिंतीपाशी अडतात, असं या क्षेत्रात मानलं जातं. प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंचं तर विचारूच नका.

3. पण मार लागला की हा अडथळा फुटतो म्हणे. मग औषध आपोआप आत जाईल की!

हा सगळ्यात शहाणा प्रश्न. तो मला एका ट्रॅक्टर मेकॅनिकने विचारला होता, विद्यार्थ्याने नव्हे.

अडथळा फुटतो हे खरं. धक्क्याने पेशींमधले सांधे सैल होतात, रक्तातलं पाणी आणि प्रथिनं मेंदूत झिरपतात, सूज येते. एरवी बंद असलेलं दार उघडं सापडतं. नॅनोकणांच्या संशोधनाचा मोठा भाग याच उघड्या दारावर उभा आहे. उंदरांमध्ये ताज्या जखमेत 500 नॅनोमीटरएवढे मोठे कणही शिरलेले दिसले आहेत.

आता अडचणी बघा. दार सगळीकडे उघडत नाही. जखमेच्या आसपासच्या पट्ट्यात उघडतं, आणि तिथेही ठिकठिकाणी. जे उघडतं ते फार वेळ उघडं राहत नाही. पहिले काही तास चांगले, मग ओघ कमी होत जातो. काही प्रयोगांत थोड्या दिवसांनी पुन्हा एकदा उघडीप दिसते, पण तिच्या भरवशावर राहता येत नाही. आपल्याकडचं घड्याळ लावून पाहा. अपघात इगतपुरीजवळ, आधी जवळचा दवाखाना, तिथून नाशिकला रेफर, मग सीटी स्कॅन. तीन-चार तास कुठे गेले कळतही नाही.

साधं औषध या दारातून जातंही, पण टिकत नाही. लहान रेणू जितक्या सहज आत येतो तितक्याच सहज निघून जातो, आणि मूत्रपिंडं त्याला थोड्याच वेळात रक्तातून काढून टाकतात. योग्य पारीचा कण रक्तात बरेच तास फिरत राहतो, फटीतून आत शिरतो आणि तिथे अडकून हळूहळू सारण सोडतो. गाडी लागते ती यासाठी.

आणि सुजेने जिथे रक्तवाहिन्याच दाबल्या गेल्यात, तिथे रक्त पोचत नाही. रक्त नाही तर कणही नाही. ज्या भागाला औषधाची सर्वांत जास्त गरज, तिथेच रस्ता बंद. बातम्यांत हे कधी येत नाही.

4. आत शिरल्यावर कण मेंदूभर पसरतो का?

सहजी नाही. मेंदूच्या पेशींमधल्या फटी अगदी अरुंद असतात आणि त्यात चिकट जाळं असतं. 2012 मध्ये एलिझाबेथ नॅन्स, जस्टिन हेन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कणावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा दाट थर दिला तर 114 नॅनोमीटरपर्यंतचे कण या फटींतून सरकू शकतात. तसाच आकार, पण थर विरळ, तर कण जागीच रुततो. आकारापेक्षा पारीचा पृष्ठभाग महत्त्वाचा ठरला.

5. ही पारी कशाची असते? प्लास्टिक मेंदूत जाणार का?

काही पाऱ्या स्निग्ध पदार्थांच्या असतात, आपल्या पेशींच्या आवरणासारख्या. त्यांना लिपोसोम म्हणतात. काही अल्ब्युमिन या प्रथिनाच्या. 'प्लास्टिक' म्हणून लोक घाबरतात ते बहुधा पीएलजीए. हे विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्याच्याच कुळातलं. तुमच्या घरात कुणाचं सिझेरियन झालं असेल आणि टाके काढावे लागले नसतील, तर हे कूळ घरात येऊन गेलंय. शरीरात त्याचं लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होतं आणि ते निघून जातं.

सोनं, सिलिका, लोहाचे कणही अभ्यासले जातात. त्यांच्या निचऱ्याचा प्रश्न वेगळा आहे (प्रश्न 11 पाहा).

6. रक्तात सोडलेल्या कणाला मेंदूचा पत्ता कसा कळतो?

कळत नाही. कण रक्ताबरोबर जाईल तिथे जातो. आपण फक्त त्याच्या पारीवर असं काही लावू शकतो की मेंदूची भिंत त्याला ओळखीचा समजून आत घेईल. मेंदूला लोह लागतं, म्हणून भिंतीवर लोहवाहक प्रथिनाला पकडून आत घेणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. त्यांना चिकटणारा तुकडा कणावर लावतात. दुसरी युक्ती जुनी आणि गमतीची आहे. आइस्क्रीममध्ये वापरतात ते पॉलिसॉर्बेट 80 कणावर चोपडलं की रक्तातली काही चरबीवाहक प्रथिनं त्यावर येऊन बसतात, आणि मेंदूची भिंत त्या कणाला चरबी समजून ओढून घेते. 1990च्या दशकात जर्मनीत योर्ग क्रॉयटर यांनी हे दाखवलं.

एवढं करूनही टोचलेल्या मात्रेपैकी मेंदूत पोचतं ते बहुतेक प्रयोगांत एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. उरलेलं यकृत आणि प्लीहेत. 2018 मध्ये पॅटिसिरान हे स्निग्ध नॅनोकणांतलं औषध मंजूर झालं, ते यकृतात काम करणारं. मला ते स्वाभाविक वाटतं. गाडी तशीही तिकडेच चालली होती.

7. आमचा पेशंट आत्ता आयसीयूत आहे. हे इंजेक्शन कुठे मिळेल? मुंबईला न्यायला तयार आहोत.

कुठेही नाही. मुंबईत नाही, दिल्लीत नाही, अमेरिकेतही नाही. मेंदूच्या दुखापतीसाठी नॅनोवाहकातलं मंजूर औषध जगात नाही. यासाठी पेशंट हलवू नका. प्रवासात रक्तदाब घसरला किंवा प्राणवायू कमी पडला तर दुखापत वाढते, आणि ते नुकसान कुठलाही कण भरून काढणार नाही. हा प्रश्न मला रात्री-अपरात्री येतो, म्हणून उत्तर एवढं कोरडं ठेवलंय.

8. मग डॉक्टर आज देतात ते काय असतं?

श्वास, रक्तदाब, प्राणवायू सांभाळणं, आणि रक्ताची गाठ मेंदूला दाबत असेल तर ऑपरेशन. हे मुख्य. सूज उतरवायला मॅनिटॉल किंवा तीव्र मिठाचं सलाईन. आकडी येऊ नये म्हणून सुरुवातीचे काही दिवस औषध. काही पेशंटना पहिल्या तीन तासांत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. 2019 च्या मोठ्या चाचणीत सौम्य ते मध्यम दुखापतीत त्याचा फायदा दिसला.

मॅनिटॉलबद्दल नातेवाईक दरवर्षी थंडीत घाबरून विचारतात, म्हणून सांगते. बाटलीत काचेच्या सुयांसारखे खडे दिसले तर ती भेसळ नव्हे. 20 टक्के मॅनिटॉल गारठ्यात गोठून खडे धरतं. निफाडचा पारा उतरला की आमच्या स्टोअरमध्येही हे व्हायचं. सिस्टर बाटली गरम पाण्यात ठेवतात, खडे विरघळले की अंगाच्या तापमानाला येऊ देतात आणि फिल्टर लावलेल्या सेटने देतात. खडे तसेच असताना कुणी लावत असेल तर मात्र जरूर टोका.

9. नॅनो औषध कुठेच वापरात नाही का?

आहे, आणि नाशिकने ते जवळून पाहिलंय. 2021 च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीच्या पेशंटसाठी जे इंजेक्शन शोधत लोक एका मेडिकलमधून दुसऱ्या मेडिकलमध्ये पळत होते, ते लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी. साधं ॲम्फोटेरिसिन मूत्रपिंडांना फार त्रास देतं, लिपोसोमच्या पारीत घातलं की त्रास कमी होतो. सारण तेच, पारी बदलली.

ती पारी किती नाजूक असते ते तेव्हा पाहिलं. पिवळी पावडर निर्जंतुक पाण्यातच कालवायची, जोरात हलवायची, फिल्टरमधून 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये घ्यायची. साधं सलाईन चालत नाही, त्यातल्या मिठाने द्रावण फुटतं. एका रुग्णालयातून फोन आला होता, 'मॅडम, बाटली गढूळ झाली.' सवयीने नॉर्मल सलाईनमध्ये घातलेलं. तेव्हा एकेक व्हायल सोन्याच्या भावाची होती.

याशिवाय कॅन्सरचं लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन 1995 पासून आहे. कोविडच्या एमआरएनए लसी स्निग्ध नॅनोकणांत होत्या. बाळंतपणात रक्त कमी असलं की देतात ते आयर्न सुक्रोजसुद्धा लोहाचे नॅनोकणच.

10. उंदरांवर यशस्वी झालं असं वाचलं. माणसांवर कधी?

तारीख सांगता येत नाही, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

बातमी बहुधा 2021 च्या कामाची असते. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी पीएलजीए कणांवर पॉलिसॉर्बेट 80 लावलं आणि आत टाऊ नावाचं प्रथिन बनणं रोखणारा आरएनएचा तुकडा घातला. डोक्याला मार दिलेल्या उंदरांत टाऊ निम्म्याने घटलं. महत्त्वाचं म्हणजे अडथळा पुन्हा मिटल्यावरही कण आत गेले. प्रश्न 3 मधल्या घड्याळावरचा हा चांगला उतारा आहे.

पण मेंदूच्या दुखापतीत उंदरांकडून माणसांकडे येताना औषधं पडतात, हा इतिहास आहे. प्रोजेस्टेरॉन प्राण्यांत उत्तम ठरलं होतं, 2014 मध्ये माणसांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत काही उपयोग दिसला नाही. सिटिकोलीन आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. 2012 च्या 1,213 पेशंटच्या चाचणीत त्याचाही फायदा दिसला नाही. (तुमच्या चिठ्ठीत ते असेल तर परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.)

माझं मत विचाराल तर सगळा गवगवा पारीचा होतो, आणि अडलंय सारणापाशी. माणसाचा मेंदू दुखापतीनंतर वाचवतं असं सिद्ध झालेलं औषधच हाती नाही. उत्तम गाडी घेऊन रिकामी पाठवायची का? पारीच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. फसलेल्या औषधांपैकी काही मेंदूत पुरेशी पोचलीच नसतील, अशी शंका आहे. तसं असेल तर वाहकामुळे जुन्या औषधांना दुसरी संधी मिळेल.

11. हे कण मेंदूत साठून राहतील का? दुष्परिणाम?

पीएलजीए आणि स्निग्ध कण विरघळतात (प्रश्न 5). सोनं किंवा सिलिकाचे कण यकृत-प्लीहेत बराच काळ राहू शकतात, म्हणून त्यांच्याबाबत सावधगिरी जास्त. दुसरा धोका लगेचचा. कण रक्तात जाताच काहींना छाती भरून येते, चेहरा लाल होतो, रक्तदाब पडतो. पॉलिइथिलीन ग्लायकॉल क्रीम-शॅम्पूतही असतं, आणि काहींच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडं आधीच तयार असतात. साध्या पेशंटमध्ये हे सावरता येतं. डोक्याला मार लागलेल्याचा रक्तदाब घसरणं परवडत नाही.

12. पूर्वी सुजेसाठी स्टेरॉइड देत. तेच नॅनोकणांत घालून फक्त मेंदूत पोचवलं तर?

स्टेरॉइडची गोष्ट आधी ऐका. वर्षानुवर्षं ते डोक्याच्या दुखापतीत वापरलं गेलं. मग दहा हजारांवर पेशंटची क्रॅश ही चाचणी झाली. 2004 मध्ये निकाल आला. दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी 21.1 टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी 17.9 टक्के. जे सगळ्यांना उपयोगी वाटत होतं ते जीव घेत होतं. अपाय अंगभर पसरल्यामुळे झाला असेल तर वाहकाने तो टळेल, हा युक्तिवाद करता येतो. मेंदूतल्या परिणामामुळेच झाला असेल तर वाहकाने तो वाढेल. माणसांत तपासल्याशिवाय बाजू घेता येत नाही.

13. नाकातून थेंब टाकून कण मेंदूत जातात ना? सोपं नाही का?

वासाच्या मज्जातंतूंच्या वाटेने थोडंफार जातं, आणि त्यावर संशोधनही जोरात आहे. पण उंदराच्या मेंदूत वासाचा भाग तुलनेने खूप मोठा, आपला चिमुकला. शिवाय कवटीच्या तळाला भेग असेल तर नाकातून मेंदूचं पाणी गळतं, तिथे नाकात काहीही घालायचं नसतं. घरचं तूप-तेलही नाही.

14. मेंदूत न जाताच काम करणारे कण असतात हे खरं आहे का?

खरं आहे, आणि मला ही कल्पना फार आवडते. मार लागल्यावर रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी मेंदूत घुसून जळजळ वाढवतात. साधारण 500 नॅनोमीटरचे, ऋणभारित, औषध न भरलेले पीएलजीए कण टोचले की या पेशी ते गिळतात आणि मेंदूऐवजी प्लीहेकडे वळतात. उंदरांत याने सूज कमी झाली. म्हणजे सारण नसलेला मोदक. प्रश्न 6 मधला प्लीहेचा दोष इथे गुण झाला.

15. अपघाताला दोन वर्षं झाली. विसरणं, चिडचिड राहिलीय. आता उपयोग होईल का?

उघड्या दाराचा फायदा आता नाही, म्हणून प्रश्न 6 मधल्या ओळखीच्या युक्त्याच लागतील. तूर्त पुनर्वसन, स्मृतीचे सराव, झोप आणि आकडीच्या गोळ्या न चुकवणं याचाच उपयोग.

16. नॅनो युरियासारखंच का हे?

निफाड-दिंडोरीकडून हमखास येणारा प्रश्न. आकाराचं माप तेवढं सारखं. ती अर्धा लिटरची बाटली पानांवर फवारायची असते. तिचा द्राक्षाला किती फायदा यावर इथे वाद नको.

17. सुवर्णभस्म म्हणजे आपलं जुनं नॅनो औषधच ना?

तपासणीत काही सुवर्णभस्मांत सोन्याचे नॅनोकण सापडले आहेत. पण लहान असणं आणि ठरल्या जागी ठरलेलं औषध पोचवणं या दोन वेगळ्या गोष्टी. बेशुद्ध पेशंटला चाटण देऊ नका, ते श्वासनलिकेत जातं.

18. 'नॅनो ट्रायलमध्ये घेतो' म्हणून कुणी पैसे मागितले तर?

देऊ नका. नव्या पद्धतीच्या वाहकातलं औषध भारतात नवीन औषध धरलं जातं, मग आतलं सारण जुनं का असेना. चाचणीला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते. पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी लागते, ती कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. नीतिसमिती त्याच शहरातली किंवा 50 किलोमीटरच्या आतली असावी लागते. पेशंट बेशुद्ध असेल तर कायदेशीर नातेवाइकाची लेखी संमती घेतात, आणि चाचणीमुळे इजा झाली तर भरपाईची तरतूद असते. नोंदणी क्रमांक विचारा. टाळाटाळ झाली तर उठून या.

19. मी बी.फार्म. करतोय. नाशिकमध्ये राहून यातलं काही शिकता येईल का?

सुरुवात तरी करता येते. लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून गोल फ्लास्कमध्ये घे, रोटरी इव्हॅपोरेटरवर फिरव. क्लोरोफॉर्म उडून गेला की काचेवर साईसारखा पातळ थर राहतो. त्यात कोमट बफर घालून फिरवलंस की दुधासारखं होतं, म्हणजे लिपोसोम झाले, पण मोठे आणि ओबडधोबड. मग सोनिकेटर (ध्वनिलहरींनी कण फोडणारं यंत्र) लाव आणि बघत राहा. दूध हळूहळू विरळ होतं, आणि फ्लास्क खिडकीसमोर धरला की त्यात फिकट निळसर झाक दिसू लागते. झाक दिसली की कण शंभर नॅनोमीटरच्या आसपास आले असं समज, आणि वही उघडून वेळ लिही. आमची पोरं नेमकी तीच लिहायला विसरतात.